कंदील जळतोय तोवर

१७ फेब्रुवारी १९४६, रविवार

दानीएलनं टाकी आणली! बैलगाडीवर आडवी बांधून, भिंगारच्या भर बाजारातून, ऐन उपासनेच्या वेळी. चर्चमधली निम्मी माणसं खिडकीकडे बघत होती. पाळकसाहेब थांबले, खाकरले, मग पुढचं वाचलं. मी मान खाली घालून बसलो. बहिणीचा नवरा पडला, करतो काय!

लष्कराच्या लिलावातली टाकी. पेट्रोलची असावी, अजून वास येतो. सात फूट लांब, उंचीला कमरेइतकी. म्हणतो, हिची पाणबुडी करणार. एका माणसाची. आत बसायचं, झाकण लावायचं, पाण्याखाली जायचं. मे महिन्यात भंडारदऱ्याच्या धरणात नेणार म्हणे.

बाजारात ही हसाहस. नगरात प्यायला पाणी नाही आणि हा पाणबुडी बांधतोय! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मीही हसलो. बहीण लिडिया मात्र हसली नाही. गाडीमागून चालत आली, तोंडाला पदर लावून.

१८ फेब्रुवारी

टाकी मोरीला लागून ठेवलीय. लिडियाला भांडी घासायला जागा नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दानीएलकडे जेवलो. लढाईची चार वर्षं तो मुंबईच्या गोदीत फिटर होता. परतल्यापासून तोंडाला कुलूप, हे मी बघत होतो. आज जेवता जेवता हात तसाच ताटात ठेवून बोलायला लागला.

गोदीतच एक छोटं जहाज कलंडलं आणि बुडालं. फार खोल नाही, आपल्या विहिरीत असतं तेवढंच पाणी. याचा जोडीदार रंगनाथ आतल्या खोलीत अडकला. दार बाहेरून उघडेना. हवा पोचवायला वाट नव्हती. उचलायला कडी नव्हती. रंगनाथ आतून हातोडीचे ठोके मारायचा, हे बाहेरून उत्तर द्यायचे. नऊ तास. दानीएल पाणबुड्याबरोबर दोनदा खाली गेला, पत्र्याला हात लावून वर आला.

'भाऊ, आधी ठोके सरळ यायचे. एक, एक, एक. मग उलटेसुलटे झाले. मग थांबले.'

लिडियानं त्याच्या ताटात आमटी वाढली. तो पुढे म्हणाला, याला तीन गोष्टी करून दाखवायच्या आहेत – वरून उचलायला कडी, दोन्हीकडून उघडणारं झाकण, आणि आत अडकलेल्याला पुरेल अशी हवा. भंडारदऱ्याला बंद टाकीत अर्धा दिवस राहून वर येणार आणि मग गोदीतल्या साहेबांना लिहिणार.

वेडा आहे, असं अजूनही वाटतं. पण आज हसू आलं नाही.

३ मार्च, रविवार

दानीएलचं पुस्तकी ज्ञान ऐकलं. म्हणतो, बंद जागेत चांगली हवा संपून माणूस मरतो ते नंतर, त्याआधी आपण सोडलेल्या श्वासानंच मरतो. पेल्यात चुन्याची निवळी घेतली आणि पपईच्या देठाच्या नळीतून फुंकत बसला. निवळी दुधासारखी पांढरी झाली. श्वासातलं विष चुना ओढून घेतो, त्याची ही खूण. म्हणून टाकीत चुन्याची दोन मोठी ताटं ठेवणार. शिवाय मागच्या बाजूला प्राणवायूचं लोखंडी नळकांडं, तेही लिलावातलंच. त्यातून थोडं थोडं सोडायचं.

मी म्हटलं, दाजी, चुना लावणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत. लिडिया पदराआड हसली.

मला हवा शिकवतोय! चाळीस विहिरी खोदल्यात मी. पहार, घण, सुरुंग – सगळं या हातांनी. आमच्या वडिलांचा एकच नियम: माणसाआधी कंदील उतरवायचा. दोराला बांधून तळापर्यंत. जळत राहिला तर माणूस उतरेल. विझला तर लिंबाचे डहाळे दोराला बांधून हवा घुसळायची आणि पुन्हा कंदील सोडायचा. कंदील जळतोय तोवर माणूस मरत नाही. माझे गडी हे झोपेतसुद्धा म्हणतील.

चाळीस विहिरींत एकच गेला. माझा धाकटा भाऊ कृपादान. सन चौतीस, तिसगावच्या विहिरीत. सुरुंगानंतर कंदील न सोडताच उतरला, सगळ्यांना ठाऊक आहे. यावर लिहायचं नाही.

१० मार्च

लिडिया सकाळीच आली. अट घालून आलीय – टाकीचा दोर दादाच्या हातात असेल तरच नवऱ्याला पाण्यात उतरू देणार.

रिवाजच आहे तो. विहिरीत उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानं धरायचा. भावकीतला माणूस बांधाच्या वादापायी दोर सोडेलही, मेहुणा सोडणार नाही. सोडला तर बहीण पोराबाळांसकट जन्मभर त्याच्याच दारात! म्हातारी माणसं उगीच नियम घालत नव्हती.

कृपादानच्या वेळी रेबेकाचा भाऊ तापानं पडला होता. दोर मी धरला होता.

लिडियाला हो म्हटलं.

१९ मार्च

कडाक्याचं भांडण. दानीएलनं टाकी आतून पक्की केलीय, गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा आत ठोकून. वर हाताच्या पंज्याएवढी जाड काच. झाकण आतून फिरवलं तरी उघडतं, बाहेरून फिरवलं तरी. टाकीखाली दगडांचा पिंजरा, आतली कळ ओढली की दगड सुटतात आणि टाकी आपोआप वर येते. काम चोख आहे, नावं ठेवायला जागा नाही.

पण कंदील नाही! मी म्हटलं, कंदील आत ठेवल्याशिवाय दोराला हात लावणार नाही. वरच्या काचेतून उजेड दिसेल, म्हणजे वरच्यांना कळेल की आत ठीक आहे. तो म्हणाला, प्राणवायूजवळ दिवा म्हणजे आगीशी खेळ. मी म्हटलं, नळकांडं मागे, कंदील पुढे, मध्ये तुम्ही. तो म्हणाला, कंदील ठेवला तर चुन्याचं एक ताट काढावं लागेल, जागा नाही. काढा म्हटलं. ताटानं कुणाचा जीव वाचल्याचं मी ऐकलेलं नाही, कंदिलानं वाचल्याचं चाळीस वेळा बघितलंय.

'भाऊ, तुमची विहीर वर उघडी असते. ही बंद आहे.'

हवा ती हवाच. शेवटी लिडिया मध्ये पडली. दादा म्हणतो तसं करा, म्हणाली. दानीएलनं ताट काढलं आणि कोपऱ्यात आपटलं. चुना सगळीकडे.

२६ मार्च

इब्राहिमभाई बागवानांच्या मळ्यातली विहीर ठरली. पायऱ्यांची आहे, मोट आहे, बैल आहेत. सध्या तीन परस पाणी, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. इब्राहिमभाई म्हणाले, टाकी खुशाल बुडवा, पण माझ्या वांग्यांना पाणी द्यायची वेळ चुकवू नका.

दहा माणसं आणि दोन कप्प्या लावून टाकी आत उतरवली. मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, टाकीच्या कडीला. पाण्यात ती हलकी होते, बैल चार पावलं चालले की वर येते. पाण्याबाहेर काढायची गरज नाही. झाकण वर दिसलं की मी पायरीवरून उघडायचं.

पहिली फेरी कोंबडीची! रेबेकाची काळी कोंबडी. रेबेका म्हणजे कृपादानची बायको, माझ्याच शेजारच्या खोलीत राहते. आधी देईना. कोंबडी बंद टाकीत अर्धा तास पाण्याखाली राहिली. वर आली ती कलकलाट करत, आणि आसारामच्या धोतरावर शिटली. आसाराम माझा सगळ्यात जुना गडी. म्हणाला, मिस्त्री, हिला नोकरीवर ठेवा. सगळे पोट धरून हसले. दानीएलसुद्धा.

२ एप्रिल

दानीएल स्वतः उतरला. वीस मिनिटं. पाण्याखाली काचेतून कंदिलाचा पिवळा ठिपका दिसत होता. दर पाच मिनिटांनी आतून हातोडीचा एक ठोका – सारं ठीक. नाड्यावर हात ठेवला की ठोका तळहाताला कळतो. दोन ठोके म्हणजे वर घ्या.

हसत वर आला. मी विचारलं, कंदील विझला का? नाही म्हणाला. मग!

लिडियानं इब्राहिमभाईंच्या घरून चहा आणला. त्यांची बायको चांदबी म्हणे, तुमचा नवरा पाण्याखाली जाऊन काय आणतो? लिडियानं सांगितलं, काहीच नाही.

१९ एप्रिल, उत्तम शुक्रवार

काम बंद. तीन तास उपासना. दानीएल शेजारी बसला होता, पण मांडीवर बोटानं ठोके मोजत होता.

२१ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

पहाटे रिवाजाप्रमाणे सगळे कबरस्तानात. आईबाबांच्या मातीवर फुलं ठेवली. लिडियानं कृपादानच्या कबरीवर झेंडूची माळ ठेवली. रेबेका दरसालप्रमाणे फाटकापाशीच उभी राहिली. लग्नाला तीन वर्षंच झाली होती त्यांच्या. तिचं एकच म्हणणं – एवढा कंदील हाताशी असून ह्यांना सोडायचा कंटाळा आला, माझा विचार केला नाही, मी कशाला फुलं ठेवू? लिडिया तिला समजवायला गेली.

मी पुढे निघून आलो. मंगळवारी मोठी फेरी, दीड तासाची. नाडा तपासायचा होता.

२३ एप्रिल, मंगळवार

आज लिहवत नाही. दानीएल जिवंत आहे.

२४ एप्रिल

काल झालं ते क्रमानं लिहून ठेवतो.

सकाळी आठला झाकण लावलं. मी थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी पडतं तिथे, नाड्यावर हात. आसाराम माझ्या शेजारी, इब्राहिमभाई धावेवर, बैलांच्या उतारावर, बैलांपाशी. लिडिया पायरीवर बसलेली, हातात दानीएलचं घड्याळ. कंदिलाचा ठिपका स्वच्छ दिसत होता. पहिला पाऊण तास ठोके सरळ. मी तंबाखू मळली. मनात म्हटलं, भंडारदऱ्याला आता काही अडत नाही.

नऊला ठोका आला, पण घाईत मारल्यासारखा. नऊ पाचला दोन. दोन म्हणजे वर घ्या, पण त्यांच्यात अंतर फार होतं, एक आत्ता तर एक मिनिटभरानं. दुसरा चुकून लागला असेल असं धरलं. नऊ दहाला काहीच नाही. लिडिया उठून उभी राहिली. मी तिला म्हटलं, बस, कंदील जळतोय. आसारामनं वाकून बघितलं. म्हणाला, जळतोय की, चांगला फक्क उजेड हाय. कंदील जळतोय तोवर भ्या न्हाई. इब्राहिमभाईंनी बैलांच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. थांबा.

नऊ सतराला तीन-चार ठोके आले, कुठलेही कसेही, पातेलं घरंगळत जावं तसे. माझा हात नाड्यावर होता. मला कळत होतं. हात सांगत होता आणि डोळे त्या पिवळ्या ठिपक्याकडे लागलेले. माणूस मेला असता तर कंदील विझला असता, एवढंच डोक्यात.

लिडिया पायऱ्या चढून वर आली. माझी बंडी दोन्ही हातांनी धरली.

'दादा, दिव्याकडं बघू नको. ठोके उलटेसुलटे झालेत. रंगनाथच्या वेळेसारखे. ओढ!'

इब्राहिमभाईंनी माझी वाट बघितली नाही. बैल हाकलले. टाकी वर आली. मी पायऱ्यांवरून कसा उतरलो आठवत नाही, गुडघा फुटलाय तो तेव्हाच. बाहेरून झाकण फिरवलं. त्यानं हट्टानं बाहेरची मूठ बसवली नसती तर फोडायला घण आणावा लागला असता.

आत दानीएल घामानं निथळलेला, तोंड लालभडक, मान छातीवर. जोरजोरात श्वास चाललेला, पण हाकेला ओ नाही. डोळे अर्धे उघडे. हातोडी मांडीवर. आणि त्याच्या पायांशी कंदील. जळत होता. काचेवर काजळीसुद्धा नाही.

आसारामनं आणि मी ओढून पायरीवर निजवला. लिडिया पदरानं वारा घालत होती, त्याच्या नावानं हाका मारत होती. पाव तासानं वांती झाली, मग डोळे फिरले, मग तिला ओळखलं. चांदबीनं कांदा फोडून आणला. कुणी तरी कंदील विझवला. मी नाही विझवला.

नऊ पाच ते नऊ अठरा. तेरा मिनिटं मी दोर धरून उभा होतो.

२५ एप्रिल

दानीएल उठून बसला. डोकं अजून फुटतंय म्हणतो. मी ओसरीवर बसून राहिलो, आत जाववेना. त्यानंच हाक मारली.

आतलं सांगितलं. प्राणवायू थोडा थोडा सोडत होता, कंदील झकास जळत होता. आधी डोकं जड झालं, मग धावत आल्यासारखी धाप. दोन ठोके मारायचे एवढं आठवत होतं, पण एक मारला की दुसरा मारायचं विसरायचा. दगड सोडायची कळ डोळ्यांसमोर होती. ती कशाची, तेच आठवेना.

'कंदील दिसत होता ना, म्हणून मीपण जरा थांबलो, भाऊ. म्हटलं, तुम्ही म्हणता ते खरंच असेल.'

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग कागदावर मांडून दाखवलं. माणूस श्वास सोडतो तसा कंदीलही सोडतो, तेच विष. आत एक माणूस धरून दोन ताटं ठरवली होती. मी एक ताट काढायला लावलं आणि त्या जागी कंदील बसवला. म्हणजे आणखी एक माणूसच आत बसवला मी. आणि विझायला हवा तो कंदील विझेना, कारण नळकांड्यातून त्याला प्राणवायू मिळत होता.

लिडिया भाकरी थापत होती. एकदाही वळून बघितलं नाही.

२८ एप्रिल, रविवार

मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दानीएलला बघायला आल्या. छाती ठीक आहे म्हणाल्या. टाकी बघितली, झाकण दोन्हीकडून फिरवून बघितलं आणि तोंडभर कौतुक केलं. दानीएल लाजला.

मी विचारलं, बाई, कंदील खोटं बोलतो का? म्हणाल्या, कंदील एकच गोष्ट सांगतो – मला जळायला हवा आहे की नाही. माणसाला काय होतंय ते त्याला काय ठाऊक? मी म्हटलं, विहिरीत तरी खरं सांगतो ना? म्हणाल्या, जुन्या पडक्या विहिरीत बहुतेक वेळा सांगतो. सुरुंगानंतर नाही. सुरुंगाच्या धुरात एक विष असतं, त्याला वास नाही, रंग नाही. धूर निघून गेला तरी ते तळाला राहतं. त्यात कंदील छान जळतो, माणूस मरतो.

चहा आला होता. मी तसाच ठेवून उठून आलो.

३० एप्रिल

दानीएलनं कंदील परत पाठवला. काच पुसून.

२ मे

तिसगावला काम चालू आहे, आसाराम आणि तीन गडी. शनिवारी सुरुंग आहे. मी जाणार. रेबेकाकडून काळी कोंबडी मागून घेतली. कशाला, म्हणाली. टोपलीपण दे, म्हटलं.

४ मे, शनिवार. तिसगाव

सकाळी सुरुंग उडाला. धूर निवळेपर्यंत थांबलो. विहीर वरून स्वच्छ दिसत होती, तळाचे फुटलेले दगडसुद्धा मोजता आले असते. आसारामनं नेहमीप्रमाणे कंदील सोडला. तळाला टेकला. जळत होता. चांगला स्थिर.

आसारामनं कमरेला दोर बांधला. म्हटलं, थांब. कंदील तळालाच राहू दिला आणि त्याच्या शेजारी टोपलीत कोंबडी सोडली. गडी हसायला लागले – मिस्त्रींना पाणबुडीचं याड लागलं! कोंबडी थोडी फडफडली. मग बसली. मग मान टाकली. टोपली वर ओढली तोवर मेली होती. कंदील खाली जळतच होता.

कुणी हसलं नाही.

आसारामनं कमरेचा दोर सोडला. म्हणाला, 'मिस्त्री, तुमीच शिकिवलं, कंदील जळतोय तोवर भ्या न्हाई. मंग आजपातूर आमी कशाच्या भरवशावर उतरलो?'

काम बंद केलं. एक अख्खा दिवस विहीर तशीच ठेवायची, डहाळ्यांनी हवा घुसळायची, मोट वरखाली करायची आणि कोंबडी जिवंत वर आल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, असं सांगितलं. गावातल्या सगळ्या विहिरी याच ओळीत. कृपादान गेला ती बारा वर्षांपूर्वीची विहीर इथून चार शेतं पलीकडे आहे. संध्याकाळी तिच्या काठावर जाऊन उभा राहिलो. आता तिच्यावर केळी लावल्यात.

मेलेली कोंबडी पिशवीत घालून भिंगारला परत.

५ मे, रविवार

रेबेका दळण निवडत होती. कोंबडी कशी मेली, म्हणाली. मी म्हटलं, शेजारी कंदील जळत असताना मेली. तिचा हात थांबला.

मग सगळं सांगितलं. कृपादानच्या वेळी गडी भाकरीला गेले होते, काठावर आम्ही दोघंच, आणि कंदील मी सोडला होता. जळत होता. मीच त्याला उतर म्हणालो. कंदील जळताना माणूस मेला असं कळलं असतं तर पुन्हा एक गडी विहिरीत उतरला नसता, म्हणून त्याच्यावर ढकललं. बारा वर्षं.

तिनं सूप खाली ठेवलं.

'भावजी, बारा वर्सं मी त्येंच्या मातीवर एक फूल ठिवलं न्हाई.'